होडक्याची वल्ही

“मग हे यंत्र जागं का होत नाही, बाबा?” मयूरेशने विचारलं.

लतीफबाबा जाळ्याचं भोक शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दर्ग्यामागच्या खोलीत वारा मोजणारा संगणक होता. टेकडीवरचा दिवा त्याच्या हुकमाने पेटायचा. हिरवा दिसला की होड्या समुद्रात जायच्या, लाल दिसला की थांबायच्या. फीत कापून तो बसवणारे पुन्हा कधी इकडे फिरकले नाहीत. तो चालता ठेवायचं काम बाबांवर आलं. जहाजांवरची यंत्रं सांभाळता सांभाळता ते फकीर झाले होते. मयूरेश त्यांच्याकडे शिकत होता.

आज दिवा ना हिरवा होता, ना लाल. समुद्रावरून धुकं हलकेच वर चढत होतं...

खालून मयूरेशच्या बापाची हाक आली. “काय रं इंजिनेर, दिवा निजला का तुझा? ओहोटी लागली. आम्ही निघतो!”

“थांबा आबा, वाऱ्याचा भरवसा नाही!”

“मासा थांबतो का तुझ्यासाठी?”

मयूरेशचा चेहरा उतरला.

बाबा म्हणाले, “काल तू यंत्राला हात लावलास.”

“सुधारलं, बाबा. उठताना ते फायलींचं एक लहान गाठोडं घेऊन उठतं. त्यात नको तेवढं कोंबलेलं होतं. मी हलकं केलं.”

“काय काढलंस?”

“डिस्कच्या ड्रायव्हरला चालायला लागणारी फाइल, फर्मवेअर. डिस्कवर ते आहेच की! एकच वस्तू दोन जागी ठेवायची, हा कुठला शहाणपणा?”

“आणि ड्रायव्हर?”

“तो ठेवला. डिस्क तोच उघडतो.”

“हं...”

बाबांनी सुई जाळ्यात खोचली. “गार वाटतंय. माझी घोंगडी मोठ्या होडीत राहिली. घेऊन ये.”

“आत्ता? तिकडे माझा बाप निघालाय!”

“घेऊन ये.”

मयूरेश पाय आपटत उतरला. मोठी होडी खोल पाण्यात नांगरलेली होती, धुक्यात अर्धी विरघळलेली. तिच्याकडे जायचं होडकं काठाला होतं. त्याने ते पाण्यात ढकललं, आत बसला आणि हात पुढे केले.

वल्ही नव्हती.

समोर, मोठ्या होडीच्या कडेला, वल्ही टेकून उभी होती. होडीची लांब, आणि शेजारी होडक्याची आखूड. कालच त्याने सगळं आवरलं होतं. वल्ही एका जागी, नीट. मग बापाच्या होडीमागे बांधून रिकामं होडकं तेवढं परत आणलं होतं.

तो बसून राहिला. होडकं डुलत होतं. कुठे पाणी संपतं आणि कुठे आभाळ सुरू होतं, कळत नव्हतं. वल्ही जवळ आल्यासारखी वाटायची, पुन्हा लांब जायची...

मग तो एकदम उठला. गुडघाभर पाण्यात उतरला आणि टेकडी चढत धावला.

अडीअडचणीसाठी बाबांनी ठेवलेला पेन ड्राइव्ह त्याने लावला, त्यावरून यंत्र उठवलं. काढलेलं फर्मवेअर गाठोड्यात परत ठेवलं. पेन ड्राइव्ह उपसून यंत्र पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर अक्षरं सरकू लागली. थबकली...

डिस्क उघडली.

टेकडीवर दिवा पेटला. लाल.

खाली इंजिनांचे आवाज मंदावले, मग वळले. त्या आवाजात बापाची एक सणसणीत शिवी होती. मयूरेशला ती फार गोड वाटली.

तो बाबांच्या पायाशी येऊन बसला. “गाठोडं पुन्हा जड झालं, बाबा.”

बाबा शिवत राहिले. बाहेर वारा उठला होता.

“आबांची वल्ही मागून घेतो. वारा वाढायच्या आत तुमची घोंगडी आणतो.”

“घोंगडी राहू दे,” बाबा म्हणाले. “होडक्याची वल्ही आण.”