धनेशाच्या चुकलेल्या फेऱ्या

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. बाळांनो, धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. राहते ती चोच बाहेर निघेल एवढी फट. आत तिची पिसे गळतात, तिला उडता येत नाही. नराने घास आणायचा, तिने फटीतून घ्यायचा. यात एका दिवसाचीही सुट्टी नाही.

आपला धनेश या फेऱ्यांना पुरता वैतागला होता. पिल्ले झाली, तशी भूकही वाढली. "अहो, आज फळे जरा कमी पडली," असे आतून आले की हा फणकारे, "आणतो ना! दुसरे करतोय काय?" शेवटी त्याने कड्यावरच्या गिधाडाला गाठले. "महाराज, उंबरे तोडायची, भरवायची, पुन्हा तोडायची. या जगण्याला काही अर्थ आहे का?" गिधाडाचे पोट तुडुंब भरलेले होते, त्यामुळे त्याला असले गहन प्रश्न फार आवडत. ते म्हणाले, "चार दिवस इथे बैस. त्या क्षुद्र उठाठेवीत अर्थ सापडत नसतो."

झाले! गिधाडाने डोळे मिटले आणि स्वारी कड्यावर ठाण मांडून बसली. मधूनच ढोली आठवे. पण एवढ्या थोर चिंतनातून उंबरांसाठी उठायचे कसे, या लाजेने तो बसून राही. पाचव्या दिवशी गिधाडाने डोळे उघडले. "जो आपली वाट पाहतो, त्याच्यापाशी वेळेवर पोचावे. जगण्याचा अर्थ एवढाच."

"पण महाराज, हे तर मी रोजच करत होतो!"

"मग इथे कशाला आलास?" गिधाड म्हणाले.

धनेश जिवाच्या आकांताने निघाला. वाटेत घसाभर उंबरे घेतली, ढोलीला बिलगला, एक फळ फटीत धरले. "अगं, घे ना. बघ, किती पिकलंय." चोच बाहेर आली नाही. त्याने दुसरे धरले, तिसरे धरले. फळे टपटप खाली पडत राहिली. आता त्याला कुठेही जायचे नव्हते, कोणासाठी काही आणायचे नव्हते, आणि तो ढसाढसा रडत होता.

तात्पर्य : रोजच्या कंटाळवाण्या कामावर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो. ते टाकून अर्थ शोधायला गेलेल्याला अर्थ सापडतोही. पण तो ऐकायला घरी कोणी उरत नाही.