पांढऱ्या दोऱ्याची बाळं

“मग ही पांढऱ्या दोऱ्याची बाळं अहवालातून काढून टाकली, तर बिघडतं कुठं, बाई?”

“काढून ठेवणार कुठं?” बाईंनी विचारलं. “एकशेचार आहेत. माझ्या पडवीत मावायची नाहीत.”

डॉ. निरंजन हुपरीकरनं अहवाल आणखी पुढे सरकवला.

बाई म्हणजे डॉ. वत्सला केळुसकर. चाळीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या गरोदर बायका तपासल्या आणि निरंजनसारखे कैक डॉक्टर घडवले. आता भुदरगडच्या बाजूला एका वाडीत राहतात. अंगणातल्या फणसाला त्यांनी तान्ह्या बाळांचा जुना वजनकाटा टांगलाय, त्यावर परसातले कोहळे जोखतात. त्या काट्याखाली कुणी खोटं बोललं की काटा आपोआप हलतो, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मी स्वतः एकदाच हलताना पाहिलाय. वारा होता, असं बाईंचं म्हणणं.

त्या दिवशी वारा नव्हता.

निरंजननं सतरा जिनसांचं एक चूर्ण शोधून काढलं होतं, गरोदर बायकांसाठी. वास असा, की पुडी उघडली तर कौलावरचा कावळा शेजारच्या गावाला जाई. पोटातलं बाळ त्यानं वजनदार होणार, अशी निरंजनची खात्री होती. बारावीपासून त्याला कुणी ‘चुकलास’ म्हटलं नव्हतं.

पारख करायची म्हणून सात वाड्यांतल्या बायकांचे दोन गट केले. निम्म्यांना लाल दोऱ्याच्या पुड्या, निम्म्यांना पांढऱ्या. एकीत खरं चूर्ण, दुसरीत नुसती तांदळाची पिठी, रंगाला चिमूटभर कोको आणि वासापुरता हिंग. कुठल्या दोऱ्यात काय, ते एका बंद पाकिटात. पुड्या वाटणाऱ्यांनाही ठाऊक नाही.

तीन वर्षांनी, मंगळवारी पाकीट फोडलं.

चूर्ण लाल दोऱ्यात होतं. लाल दोऱ्याची बाळं आधीच्या वर्षांपेक्षा पावणेचारशे ग्रॅमनं जड निघाली.

पांढऱ्या दोऱ्याचीही पावणेचारशे.

परवा पुण्याला मोठी परिषद होती आणि निरंजनला मंचावर उभं राहायचं होतं. म्हणून तो अहवाल घेऊन बाईंकडे आला होता, सही मागायला. सोबत साक्षीला सगुणा पाटोळे, सात वाड्यांची आशाताई. घरोघरी पुड्या तिनंच पोचवल्या होत्या.

“ह्यांच्या बायकांनी पुड्या वाटून खाल्ल्या,” निरंजन म्हणाला. “हळदीकुंकवासारख्या! इकडची तिकडे, तिकडची इकडे. दुसरं काय असणार? पिठीनं कुठं बाळं वाढतात?”

“डॉक्टर, तोंड सांभाळून,” सगुणा म्हणाली. “तीन वर्षं मी ऊन म्हटलं न्हाई, चिखल म्हटला न्हाई. समोर उभी ऱ्हाऊन एकेकीला पुडी चाटायला लावलीया. सख्ख्या जावाजावांत लाल नि पांढरा दोरा हुता, त्याबी बदलल्या न्हाईत. बदलतील कशा? बोलत न्हाईत एकमेकीशी!”

“मग मी खोटा?”

“मी तसं म्हटलं न्हाई. पर मीबी खोटी न्हाई.”

काटा काही हलला नाही. बाई उठल्या. अहवाल घेतला आणि काट्याच्या झोळीत ठेवला.

“दोन किलो सातशे,” त्या म्हणाल्या. “बाळ असतं, तर पेढे वाटले असते.”

“बाई, चेष्टा नको. माझी तीन वर्षं आहेत त्यात.”

“आणि हिची?”

निरंजननं सगुणाकडे पाहिलं नाही…

“पुडी घ्यायची कशी, ते सांग,” बाई म्हणाल्या.

हे विचारल्यावर निरंजन जरा फुलला. तो नियम त्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघाला होता.

“दिवसातून तीनदा. उठल्याबरोबर, दुपारच्या जेवणानंतर आणि निजण्याआधी. चूर्ण बोटानं हळूहळू चाटायचं. त्यानंतर दीड तास तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. चहासुद्धा नाही. चूर्णाचा गुण उतरतो.”

“दोन्ही दोऱ्यांना तोच नियम?”

“अर्थात. फरक फक्त पुडीत. शास्त्र आहे ते.”

“पाळला त्यांनी?”

“पाळला म्हंजे!” सगुणा मध्येच म्हणाली. “पोराच्या जिवाचं हुतं. माझी नणंद तर दीड तास शिवीबी द्यायची न्हाई. घरातले नवस बोलत हुते, हिला जन्मभर पुड्या मिळूदेत म्हणून.”

बाई हसल्या नाहीत. अहवालाचं एक पान काढून त्यांनी वाचलं.

“धूम्रपान करता का?… नाही. दोनशे अकरा जणी. तंबाखू खाता का?… नाही. दोनशे अकरा.”

“निर्व्यसनी भाग आहे, बाई,” निरंजन अभिमानानं म्हणाला. “मुद्दाम निवडला.”

बाई आत गेल्या. स्वयंपाकघरात लोखंडी तवा वाजला. कपड्यांच्या ट्रंकेत कसर लागू नये म्हणून त्या तंबाखूची पानं ठेवत. त्यातलं एक त्यांनी काढलं असावं. कारण थोड्या वेळानं असा धूर बाहेर आला, की फणसावरचे मुंगळेसुद्धा खाली उतरले.

निरंजन खोकून खोकून लाल झाला. सगुणानं नाकाला पदर लावला.

“अगं बया… मिश्री!”

बाई तवा घेऊन पडवीत आल्या. पान करपून काळं झालं होतं. बोटानं चुरून त्यांनी त्याची पूड केली आणि निरंजनपुढे धरली.

“हा वास वाड्यांवर आला होता कधी?”

“रोज यायचा,” निरंजन डोळे पुसत म्हणाला. “पहिल्या वर्षी मुक्कामाला होतो, सकाळी सकाळी घरोघरी… मला वाटलं, मिरच्या भाजतायत.”

“आणि मागच्या महिन्यात गेलास, तेव्हा?”

निरंजननं बाईंच्या बोटावरची पूड पुन्हा हुंगली.



सगुणाच बोलली. पण आवाज बदलला होता.

“न्हाई आला. बाई, खरंच न्हाई आला. किती दिसांत मी तवा बघितला न्हाई कुणाच्या चुलीवर.”

“मग तंबाखू खाता का, असं विचारल्यावर सगळ्या जणी ‘नाही’ का म्हणाल्या?” बाईंनी विचारलं.

“खातंय कोण? मिश्री दाताला लावायची असती. उठल्यावर, जेवल्यावर, निजताना.” सगुणानं तीन बोटं उघडली आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिली. “आता तोंडात पुडी, मग दीड तास बंदी. मिश्री लावायची कवा? पहिलं आठ दिस डोकी अशी ठणकली सगळ्यांची, की म्हटलं, औषध लागू पडतंय! मग भूक लागाय लागली. मिश्री लावली की भूक मरती न्हवं? आता भाकरीवर भाकरी. माझी नणंद चार खाती.”

“पोटुशी असताना सुटली, ती नंतर पुन्हा लागली?” बाईंनी विचारलं.

“कुणाला वास सोसत न्हाई आता. सासवांनीबी टाकली. घरात एकटीनं कोण धूर करून घेणार?”

निरंजन खाली बसला. मग उठला. मग पुन्हा बसला. कागदावर काहीतरी खरडलं, खोडलं.

“म्हणजे माझं चूर्ण…”

“कावळे हाकलायला चांगलं आहे,” बाई म्हणाल्या.

सगुणाला हसू आवरेना. आणि काय सांगू, निरंजनलाही आवरेना. बारावीपासून साठलेलं सगळं हसू त्या दुपारी बाहेर पडलं म्हणतात. आवाज पाच मैलांवर ऐकू गेला. मी तीन मैलांवर होतो, मला नीट आला.

हसता हसता तो थांबला. सगुणापुढे गेला आणि वाकला. ती मागे सरकली.

“अहो, डॉक्टर! काय करताय?”

“आशाताई, चुकलो. परवा पुण्याला तुम्ही चला. मंचावर. वाड्यांवरच्या सगळ्या जणी येणार असतील तर ट्रक करू.”

“बाळांसकट?”

“बाळांसकट! लाल, पांढरी, सगळी!”

काट्याच्या झोळीतून त्यानं अहवाल ओढून काढला, पहिलं पान टर्रकन फाडलं आणि गुडघ्यावर कोरा कागद घेऊन तिथंच नवीन लिहायला बसला. दोनशे अकरा बाळं, एकही न वगळता. पेन असं धावत होतं, की मध्ये शाईची वाट बघत थांबावं लागलं.

एका ओळीशी मात्र खरंच थांबला.

“बाई… इथं औषधाचं नाव लिहायचं असतं. काय लिहू?”

बाईंनी पांढऱ्या दोऱ्याची पुडी सोडली. बोटभर पिठी चाटली. मग ओठ मिटून कितीतरी वेळ फणसाकडे बघत राहिल्या…

दीड तास झाला असेल.

“ती जागा कोरी सोड,” त्या म्हणाल्या. “बाळांची नावं लिहायला लागेल.”