पोटात जायची वाट

बोरटेक गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव लहानू. अंगाने चांगला उंचापुरा, दारातून वाकून जावं लागायचं, पण नाव लहानू. कोणी काही सांगितलं की तो ते सांगितलं तसंच करायचा. कमी नाही, जास्त नाही.

त्याची एक आत्या होती, मथुआत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत दर रविवारी मुलं जमवायची. त्यांना इतिहासातल्या गोष्टी सांगायची, विज्ञानातली नवलं सांगायची. पण यंदा ती न्हाणीघरात घसरली आणि पाय मोडून अंथरुणाला खिळली. सरपंच दामूअण्णांचा त्या खोलीवर कधीचा डोळा होता. त्यांना तिथे खताच्या गोण्या ठेवायच्या होत्या. मुलं यायची थांबली की खोली त्यांचीच.

आत्याला रात्रंदिवस खोलीची काळजी लागली. तिने लहानूला बोलावलं आणि समजावून सांगितलं, की हल्ली पॉडकास्ट म्हणून एक प्रकार असतो. रेडिओसारखाच. माणूस बोलतो, आपण ऐकायचं. मोबाइलवर सापडतो. इतिहासाचा एक शोध आणि मुलांना ऐकव.

लहानूने मोबाइल घेतला. वर बघितलं, मोबाइलवर धूळ होती. ती पुसली. खाली बघितलं, तिथेही काही नव्हतं. शेवटी तो फिरोजच्या रिचार्जच्या दुकानात गेला आणि म्हणाला, इतिहासाचा एक द्या. फिरोजच्या दुकानात गर्दी होती. ज्याला जास्त लोक ऐकतात तो त्याने लावून दिला.

रविवारी मुलं बसली. मोबाइलमधला माणूस घोगऱ्या आवाजात एका लढाईचं वर्णन करू लागला. कोणाचं मुंडकं कुठे पडलं, रक्त किती दूर उडालं, सगळं नीट सांगितलं. धाकटी चैत्राली रडायला लागली. तिचं बघून बाकीची रडली. मग लहानूही रडला.

आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, मुलांना काही द्यायच्या आधी आपण घेऊन बघायचं. अर्धवट नाही. पार शेवटपर्यंत. चांगलं निघालं तरच द्यायचं."

लहानूने ते मनात पक्कं केलं.

पुढच्या रविवारी आत्याने मुलं खूश व्हावीत म्हणून शेजारणीकडून बेसनाचे लाडू करवून घेतले. डबा लहानूच्या हाती दिला. लहानू खोलीत बसला, मुलं समोर बसली. त्याने एक लाडू खाल्ला. चांगला होता. पण अर्धवट कसं सांगणार? दुसरा खाल्ला. मग तिसरा. डब्याचा तळ दिसला तेव्हा त्याने बोटाने चुरासुद्धा वेचून बघितला. तोही चांगला निघाला. आता मुलांना द्यायला हरकत नव्हती, फक्त लाडू नव्हते.

संध्याकाळी तो पोट धरून आत्याकडे आला. आत्याने त्याला ओवा दिला आणि सांगितलं, की मुलांसाठी आणलेलं कधी एकट्याने संपवू नये. तुकडे करावेत आणि सगळ्यांना सारखे वाटावेत. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही.

हे लहानूला फार पटलं. कमी नाही, जास्त नाही, हे तर त्याचंच.

यावेळी आत्याने स्वतः शोधून विज्ञानाचा पॉडकास्ट लावून दिला. देवमाशावरचा. खास मुलांसाठी केलेला, मजेदार. लहानूने मुलांना बाहेर व्हरांड्यात रांगेत उभं केलं आणि एकेकाला आत घेतलं. प्रत्येकाला सारखा तुकडा ऐकवला आणि मागच्या दाराने घरी पाठवलं. सुजलच्या वाट्याला "हा मासा नाही" एवढंच आलं. त्याने घरी जाऊन ताटातला बांगडा परत केला. रेवतीच्या वाट्याला "तो पिल्लांना दूध पाजतो" आलं. कोण पाजतो, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि चैत्रालीच्या वाट्याला मधली जाहिरात आली. ती आठवडाभर आईच्या मागे लागली की आपण प्रेशर कुकर घेऊ या.

आत्याने छताकडे बघून हात जोडले. मग हळू आवाजात म्हणाली, "लहानू, ऐकायची गोष्ट सगळ्यांना एकत्र बसवून ऐकवायची. बोलणारा थोडं बोलला की थांबवायचं आणि मुलांना विचारायचं, काय समजलं? त्यांनी सांगितलं की पुढे."

नेमके पुढच्याच रविवारी दामूअण्णा खोली बघायला आले. किती गोण्या मावतील याचा अंदाज त्यांना घ्यायचा होता. मुलं दिसली म्हणून दोन शब्द बोलायला उभे राहिले.

"बालमित्रांनो," ते म्हणाले, "तुम्ही उद्याच्या सर्वांगीण विकासाचे आधारस्तंभ आहात."

लहानूने त्यांच्या तोंडावर तळहात ठेवला आणि मुलांकडे वळला. "काय समजलं?"

"काही नाही," मुलं म्हणाली.

त्याने हात काढला. अण्णा पुढे बोलले. त्याने पुन्हा हात ठेवला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. असं चालत राहिलं. शेवटी अण्णांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. येत्या रविवारी मी पुन्हा येतो, म्हणाले. मुलं इथे काही शिकतात असं दिसलं तर ठीक, नाहीतर सोमवारी गोण्या आत.

आपण सांगितलं तसंच करतो, तरी आत्याची खोली चालली, हे लहानूला कळेना. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आत्याला त्याची दया आली. तिने त्याला जवळ बसवलं.

"हे बघ, यापुढे बोलणाऱ्याच्या मध्ये तोंड घालू नकोस, हात तर मुळीच नको. मुकाट्याने ऐकायचं. आणि बोलणारा जसं सांगेल तसं करायचं. एवढं जमेल?"

"जमेल," लहानू म्हणाला. त्याला खरंच वाटलं की एवढं जमेल.

रविवार उजाडला. आत्याने शरीराच्या विज्ञानावरचा एक छान पॉडकास्ट लावून दिला होता. दुपारी दामूअण्णा भरपेट जेवून आले, खुर्चीत बसले आणि त्यांचा डोळा लागला. मान मागे गेली, तोंड उघडं पडलं. मुलं मात्र मन लावून ऐकत होती. मोबाइलमधल्या ताई दातांचे प्रकार सांगत होत्या. पुढचे तोडणारे, बाजूचे सुळे, मागच्या दाढा, आणि कीड लागली की काळा खड्डा कसा पडतो ते. ते झाल्यावर ताई म्हणाल्या, "चला मुलांनो, आता आपण तोंडातून आत शिरू या आणि घशातून थेट पोटात जाऊ या."

लहानू उठला. त्याने खोलीभर बघितलं. तोंडं पुष्कळ होती, पण उघडं एकच होतं. त्याने मुलांची रांग केली, लहान पुढे, मोठी मागे, आणि चैत्रालीला उचलून अण्णांच्या समोर धरलं. चैत्रालीने आत डोकावून पाहिलं.

"यांच्या मागच्या दाढेला काळा खड्डा आहे," ती म्हणाली.

अण्णा दचकून जागे झाले. त्या दाढेने त्यांना महिनाभर छळलं होतं. रात्री झोप नाही, म्हणून दुपारी झोप. घरातल्या कोणाला नेमकी कुठली दाढ ते कळलं नव्हतं, आणि या चिमुरडीने एका नजरेत सांगितलं. त्यांनी मुलांना आणखी दोन प्रश्न विचारले. मुलांनी सुळे कुठे, दाढा कुठे, कीड कशी लागते, धडाधड सांगितलं. अण्णांनी गालावर हात ठेवला. मग म्हणाले, "गोण्या ठेवू दुसरीकडे. खोली मुलांना राहू दे."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा समाधानाने उठायला लागले, तर लहानूने त्यांना खांदे धरून अलगद खाली बसवलं.

"अण्णा, ते झालं. आता जरा मोठा आ करा," तो म्हणाला. "मुलांना अजून पोटात जायचंय."