अप्पांचे पाय

“मग बाबा, तुम्हीच सांगा, थोरामोठ्यांचा मान राखावा तो कोणी? जपान्यांनी की आपण?”

हेरंबराव उपासनींनी विचारलं खरं, पण उत्तराची त्यांना फारशी गरज नव्हती. देशोदेशी फिरून आलेला माणूस. तिकडच्या चालीरीतींवर त्यांची व्याख्यानं होत, सभागृहं भरत. टेकडीवरच्या तकियात, फकिरांच्या मठीत, राहणाऱ्या दस्तगीरबाबा फकिराचं नाव ऐकून ते मुद्दाम वर चढून आले होते.

बाबा फाटकी कफनी शिवत बसले होते.

“तिकडे कसं करतात?” त्यांनी विचारलं.

हेरंबराव उठले. कमरेतून वाकून जपानी नमस्कार करून दाखवला. फिलिपिन्समधली पोरं आजीचा हात आपल्या कपाळाला लावतात, तो लावून दाखवला. कोरियात थोरांसमोर प्यायचं झालं तर तोंड वळवून पितात, तेही झालं. आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत तरुण मुलगा वडीलधाऱ्यांपुढे सपशेल पालथा पडतो, हे सांगताना तर ते इस्त्रीच्या सदऱ्यानिशी जमिनीवर आडवे झाले.

बाबा लहान मुलासारखे हसले. “वा! आणि तुझ्या घरी?”

“घरी वडील आहेत. अप्पा. ब्याऐंशी वर्षांचे.” हेरंबराव धूळ झटकत म्हणाले. “कितीही घाई असो, रोज सकाळी त्यांच्या पाया पडल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. एक दिवस चुकलेला नाही.”

“कसे आहेत?”

“अप्पा? उत्तम आहेत.”

“पाय विचारतोय मी.”

“...पाय?”

“रोज हात लावतोस ना.”

हेरंबराव बोलायला गेले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की सांगण्यासारखं काहीच नाही. अप्पांच्या पायात बाराही महिने मोजे असत. ऐन वैशाखातसुद्धा. का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

बाबांनी पुन्हा सुई चालवायला घेतली. हेरंबराव टेकडी उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे वाकले नाहीत. अप्पांच्या खुर्चीपुढे खाली बसले आणि मोजा काढायला लागले.

“अरे, राहू दे... राहू दे रे!” अप्पांनी पाय मागे ओढला, पण मोजा निघाला होता.

उजव्या पायाचा अंगठा काळानिळा पडला होता. नख मांसात रुतलं होतं, भोवती पू धरला होता. वर जुन्या धोतराची चिंधी, वेडीवाकडी बांधलेली, सरकलेली.

“कधीपासून हे?”

“झाले असतील पाच-सहा महिने.”

“आणि बोलला नाहीत?”

“तू घाईत असतोस.”

“अप्पा... मी रोज इथंच हात लावत होतो.”

“हो ना.” अप्पा कसनुसं हसले. “कळ यायची मस्तकापर्यंत. पण तू वाकलेला असायचास. आशीर्वाद देताना तोंड वाकडं करू नये रे.”

हेरंबरावांनी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी नख काढलं, मलमपट्टी केली. घरात त्यावर कोणी एक शब्द काढला नाही, आणि तेच हेरंबरावांना जास्त लागलं. व्याख्यानाचं बोलावणं आलं, ते त्यांनी परत पाठवलं.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा टेकडी चढले. तकियाच्या दाराशीच टेकले. आत जायचा धीर होईना.

“बाबा, मी रोज सकाळी त्यांचं दुखणं चेपत होतो. मान देतोय म्हणून...”

बाबांनी हातातली सुई खाली ठेवली.

“आता मी त्यांचे पाय धुतो, पट्टी बदलतो. तर ते माझीच माफी मागतात. म्हणतात, तुझा खोळंबा होतो. परवा तर मी यायच्या आत स्वतःच पट्टी सोडून बसले होते. अजून काय करू त्यांच्यासाठी? सांगाल ते करतो.”

बाबा उठून बाहेर आले. त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

“तू आणखी काही करू नकोस,” बाबा म्हणाले. “त्यांनाही काही देता येऊ दे. त्यांच्याकडे काहीतरी माग.”