जिवंतपणीचा रंग

एकदा एका वृद्ध मत्स्यशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक विद्यार्थिनी काम करीत होती. ध्रुवाकडच्या समुद्राच्या तळातून, जिथे ऊन कधी पोहोचत नाही, तिथून वर काढलेला एक मासा त्यांच्यापुढे काचेच्या बरणीत होता. स्नेलफिशच्या कुळातला; अंगावर एक खवला नाही, गोगलगायीसारखा मऊ. या जातीचे वर्णन पूर्वी कोणी केले नव्हते. ते लिहिण्याचा मान गुरूंनी तिला दिला होता.

एरवी तिने हा मान मिरवला असता. पण नुकतेच तिचे वडील गेले होते. रविवारी गावात शोकसभा होती आणि लेकीने दोन शब्द बोलावेत असा सगळ्यांचा आग्रह होता. तिला मात्र चांगले काही आठवेचना. वडील एसटीत कंडक्टर; लहानपणी ती उठायच्या आत ड्यूटीवर जात, ती झोपल्यावर परतत. पुढे ती शिकायला बाहेर पडली. त्यांच्याजवळ राहिली ती शेवटचे वर्षभर, आणि तेव्हा त्यांची स्मृती गेलेली होती. त्यांनी तिला चोर म्हटले, ताट भिरकावले. आठवायला गेले की तेच वर्ष आडवे येई.

तिने वर्णन लिहिले: ‘रंग पांढुरका. कातडी सुरकुतलेली.’ गुरूंनी ती ओळ खोडली आणि तिथे लिहिले, ‘जिवंतपणीचा रंग माहीत नाही.’ असे लिहायला विद्वानांच्या जिवावर येते. गुरूंनी मात्र ते शांतपणे लिहिले.

ती चिडली. “सर, मासा समोर आहे. पांढरा आहे, कोणालाही दिसेल!”

“पांढरा झालाय,” गुरू म्हणाले. “वर ओढताना त्याचं अंग सैल पडलं, मासा टिकवायच्या या औषधी पाण्यात आक्रसलं, रंग उतरला. आपल्या हाती लागलं ते त्याचं शेवटचं रूप. हा असाच होता असं आपण लिहिलं, तर तो काही उठून ‘नाही’ म्हणणार नाही. म्हणून आपणच जपून लिहायचं. ज्यांनी त्याला त्याच्या पाण्यात पाहिलं असेल, त्यांना विचारायचं.”

ती बरणीकडे बघत राहिली. “बाबांनी मला चोर म्हटलं, सर.”

गुरूंनी पेन खाली ठेवले. मग म्हणाले, “त्याचं दुःख मला पुसता येणार नाही, पोरी. पण तेवढ्यावरून माणसाचं वर्णन लिहू नकोस. त्यांना त्यांच्या पाण्यात कोणी पाहिलंय?”

संध्याकाळी तिने वडिलांबरोबर वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या ड्रायव्हरकाकांना फोन लावला. “काका, बाबा गाडीत कसे असायचे हो?”

म्हातारा हसला. “तुझा बाप? घाटात गाडी बंद पडली की पॅसेंजरांकडून गाणी म्हणवून घ्यायचा! आणि दर स्टॉपला एकच पालुपद, ‘माझी पोरगी समुद्र शिकतेय.’ अगं, ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.”

हे बाबांच्या तोंडून कधी ऐकायला मिळाले नाही आणि आता मिळणारही नाही, हे तिला उमगले. तिला रडू आवरेना. काका घाबरून गप्प झाले.

“थांबू नका,” ती म्हणाली. “अजून सांगा.”