पूर्णक मेंढपाळाची टिटवी

यशोमित्र राजा वाराणसीत राज्य करीत होता त्या काळी नगराबाहेरच्या माळावर मेंढपाळांची एक वस्ती होती, आणि बोधिसत्त्वाने तिथल्याच एका घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव पूर्णक. त्याच्या बायकोचे नाव उत्पला. मेंढरे भरपूर होती, घरात दूधदुभते होते, दोघांचा एकमेकांवर जीव होता. मूल मात्र नव्हते.

उत्पलेने वैद्य केले, उपास केले. माळावरच्या वडाला तिने इतके दोरे बांधले की वडालाही अवघडल्यासारखे झाले असेल. दर वर्षी कोकरांचे जावळ उतरले की त्या पहिल्या मऊ लोकरीची ती एक तान्ह्या बाळाच्या मापाची घोंगडी विणी. वर्ष तसेच सरे, आणि वस्तीत जी कोणी बाळंत होई तिला ती घोंगडी देऊन टाकी. बाया म्हणत, "उत्पलेच्या घोंगडीत पोर शांत झोपतं." ती हसे, घरी येई, आणि रिकामा माग झाकून ठेवी. मुलगीच होणार हे तिने मनाशी धरले होते. नावही ठरले होते, सुप्रभा.

पूर्णक बोलून दाखवत नसे. पण संध्याकाळी मेंढरे परतली की शेकडो आयांतून प्रत्येक कोकरू आपली आई शोधून काढी, आणि ते बघत तो मेंढवाड्याच्या दाराशी उगाच रेंगाळे.

एका उन्हाळ्यात नदीकाठी उतरलेल्या बुरुडांच्या तांड्यात तापाची साथ आली. त्यात एक जोडपे गेले आणि त्यांची लहान मुलगी मागे उरली. तांड्याला स्वतःचीच पोटे भरणे कठीण होते. पूर्णकाने त्यांना विचारले आणि मुलीला कडेवर घेऊन घरी आणले.

"नाव काय गं तुझं?" उत्पलेने विचारले.

"टिटवी."

ती नदीच्या वाळवंटात जन्मली होती आणि जन्मताच जी ओरडू लागली ती थांबेना, म्हणून आईने कौतुकाने हे नाव ठेवले होते.

"हे काय माणसाचं नाव झालं? तू माझी सुप्रभा," असे म्हणून उत्पलेने तिला न्हाऊ घातले, नवा परकर नेसवला, आणि तिच्या हातातला, तिच्या बापाने केलेला वेळूचा खुळखुळा नजरेआड ठेवून दिला. जुने नाव कोणी काढायचे नाही, अशी तिने वस्तीला ताकीद दिली. मुलगी माझ्याच वळणावर गेली आहे, असे ती सांगत सुटली, आणि बायांनी मान डोलावली. पूर्णकाला हे फार पटले नव्हते, पण इतक्या वर्षांनी बायको गुणगुणत होती. त्याला गप्प बसणे सोपे गेले.

मुलगी सांगेल तिथे बसे, वाढलेले खाई. सुप्रभा अशी हाक आली की ती आपल्याला आहे हे तिला जरा उशिराच कळे. उत्पलेला 'आई' मात्र ती कधी म्हणाली नाही. उत्पला नवऱ्याला विचारी, "माझं काय चुकतंय हो?"

एके सकाळी पूर्णक एका पोरक्या काळ्या कोकराला मेलेल्या पांढऱ्या कोकराचे कातडे गुंडाळत होता. मुलगी जवळ येऊन उभी राहिली.

"हे कशाला?"

"त्या मेंढीचं कोकरू मेलंय, आणि ह्याची आई मेलीय. मेंढीला आपल्या पिलाचा वास आला की ती ह्याला पाजते."

"मग हे कायम घालायचं?"

"छे. तिनं जवळ घेतलं की काढायचं. राहिलं तर उन्हात कुजतं, आणि आतलं कोकरू मरतं."

मुलीने कातड्याला नाक लावून वास घेतला. मग तिने विचारले, "ह्याचा स्वतःचा वास कुठं गेला?" पूर्णकाने कातड्याची गाठ जरा सैल केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी घरात नव्हती.

दोघे नदीकडे धावले. उत्पलेने जाता जाता त्या वर्षी विणलेली तान्ह्याची घोंगडी उचलली होती, का ते तिलाही ठाऊक नव्हते. वाळूतली लहान पावले लव्हाळ्यात शिरलेली दिसली. लव्हाळ्यापलीकडे खोल डोह होता. उत्पलेने हाक मारली, "सुप्रभा!" लव्हाळी हलली, पण डोहाच्या बाजूला. तिने पुन्हा हाक मारली. लव्हाळी आणखी पुढे हलली.

पूर्णकाने तिचा हात धरला. "थांब. तिला तिच्या नावानं बोलाव."

"ते नाव त्या बाईनं ठेवलंय. ते मी घेतलं की पोर तिची झाली. मग माझ्याकडे काय राहिलं?"

"मेंढीला कातड्याशिवाय कळत नाही, उत्पले. तुला कळतं. आपण ह्या पोरीवर सुप्रभेचं कातडं घातलं, आणि मी नुसता बघत राहिलो. सुप्रभा आपल्याला झाली नाही. तिच्यासाठी तू रड, मीही रडतो. पण ही जिवंत आहे."

उत्पला वाळूत बसली आणि न झालेल्या लेकीसाठी पहिल्यांदाच, घरातले माणूस गेल्यावर रडतात तशी रडली. मग तिने डोळे पुसले. तिने हाक मारली, "टिटवी."

लव्हाळी हलायची थांबली.

"टिटवी, तुझी आई इथंच राहत होती ना? मला ती जागा दाखवतेस?"

मुलगी बाहेर आली. अंग ओले होते, गुडघ्यापर्यंत चिखल होता. तिने उत्पलेचे बोट धरले आणि पुढे नेऊन काळवंडलेल्या दगडांची एक चूल दाखवली. उत्पलेने त्या चुलीला हात जोडले. "बाई, तुझी टिटवी माझ्यापाशी आहे," ती म्हणाली. "तू ठेवलेलं नाव मी तिला विसरू देणार नाही."

मुलगी ओल्या अंगाने कुडकुडत होती. उत्पलेने घोंगडी तिच्या खांद्यांवर टाकली. तान्ह्याच्या मापाची ती घोंगडी पाठीलाही पुरेना.

"तुझ्या मापाची नवी विणते हं."

"काळी विण, आई," टिटवी म्हणाली. "त्या कोकराला आहे तशी."

पूर्णक नदीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

एवढी कथा सभेला सांगून भगवान शास्ते थांबले. सभेत एक उपासिका दत्तक घेतलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तो मुलगा झोपेत आपल्या पहिल्या आईला हाक मारी, आणि ते तिला सोसत नसे. तिच्याकडे पाहून शास्ते म्हणाले, "उपासिके, त्या जन्मीची उत्पला तूच होतीस. टिटवी म्हणजे तुझ्या मांडीवर झोपलेला हा मुलगा, आणि पूर्णक मेंढपाळ मी होतो. समोरच्या लेकरासाठी मनातले लेकरू सोडून देणे, ह्याला त्याग म्हणतात. तो तू एकदा केला आहेस."

मुलगा झोपेत पुन्हा तीच हाक पुटपुटला. उपासिकेने त्याचे पांघरूण सारखे केले आणि त्या पहिल्या आईच्या वतीने हळूच ओ दिली.