झुळूक मोबाईलचा खांब

"पण बुवा, तुमच्या टेकडीवर माझा एक खांब उभा राहिला तर देवाचं काय बिघडणार आहे?"

गुळवेसाहेबांनी घाम पुसत पुन्हा विचारलं. टेकडी चढून त्यांचा पार भुगा झाला होता, पण ऐट काही उतरली नव्हती. उतरेल कशी? झुळूक मोबाईल कंपनीचे मालक ना ते!

चिंतामणगिरी बुवा मठाच्या पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होते.

"आत्ता तुमचं कुणाच्या खांबावर चालतं?"

"मोठ्या कंपनीच्या. तिच्याकडून कॉल आणि डेटा घाऊक घ्यायचा, आपल्या नावाच्या सिमकार्डावर किरकोळीत विकायचा. खांब तिचे. नाव आणि गिऱ्हाईक तेवढं आपलं."

"मग बरंच आहे की."

"डोंबल! जत्रेत गर्दी झाली की ती आधी स्वतःच्या गिऱ्हाइकांना वाट देते. माझी माणसं बसतात हॅलो हॅलो करत. वैतागून सोडून चाललीत." गुळव्यांचा आवाज खाली आला. "वर सासरे चारचौघांत विचारतात, जावईबापू, तुमचा स्वतःचा एक तरी खांब आहे का? फार लागलं हो मला ते. आता राहतं घर विकतोय. पण खांब उभा करणार म्हणजे करणार."

"एका खांबानं भागेल?"

"भागायचं नाही. पण सासऱ्यांच्या गॅलरीतून ही टेकडी स्पष्ट दिसते. मी बघून आलोय."

बुवांनी एक शेंग उकलली. किडकी निघाली. बाजूला ठेवली.

"आणि घरी काय म्हणतात?"

"बायको ना? घर विकायचं काढल्यापासून तिचे फोनच घेत नाही मी. घेतला की तोच विषय."

तेवढ्यात पायरीवर ठेवलेला मोबाईल वाजला. गुळव्यांनी नंबर न बघताच कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

"कोण?"

"कोण असणार? गिऱ्हाईक! तक्रारी ऐकायला माणसं ठेवली होती, ती काढून टाकली. खांबाला पैसा नको का? आता तक्रारीचा नंबर इकडेच वाजतो. जीव नकोसा झालाय." मग त्यांनी मठाकडे हेव्यानं पाहिलं. "तुमचं बरं आहे, बुवा. तुमचं सगळं स्वतःचं."

बुवांना हसू आवरेना.

"माझं? मठ गावाचा. मंत्र गुरूंचा. कृपा वरच्याची. मीही घाऊक घेतो आणि किरकोळीत वाटतो, साहेब."

"आणि गर्दी झाली की?"

"वरचा कुणाला आधी वाट देतो, मला काय ठाऊक? माझी माणसंही बसतात हॅलो हॅलो करत."

"मग ती सोडून कशी जात नाहीत?" गुळवे एकदम पुढे सरकले. हेच तर त्यांना हवं होतं.

बुवांनी पुढची शेंग उचलली.

मोबाईल पुन्हा वाजला. गुळव्यांचा हात पोचायच्या आत बुवांनी तो उचलला, कानाला लावला.

"हां बाई, बोला. ऐकतोय मी."

आणि ते खरंच ऐकत राहिले. एका हातानं शेंगा सोलत.

"हं... अरेरे... कुणी उचलतच नाही?... खरंय तुमचं... मग आता सोडून जायचं म्हणता?"

गुळवे ताडकन उठले. आणखी एक गिऱ्हाईक चाललं! "महिनाभर सगळं फुकट देतो म्हणावं!" ते कुजबुजले.

बुवांनी हातानंच गप्प केलं. सगळ्या शेंगा संपेपर्यंत ते फक्त "हं... हं..." करत राहिले. पलीकडे रडण्याचा आवाज आला, मग थांबला.

गुळव्यांना राहवेना. "काय समजूत घातलीत?"

"काहीच नाही."

"थांबतंय का गिऱ्हाईक?"

"ते तुम्हीच विचारा. मंडळी आहेत तुमच्या. घरच्या नंबरला तुम्ही दाद देत नाही, म्हणून तक्रारीच्या नंबरावर लावला त्यांनी."

गुळव्यांची ऐट एका क्षणात उतरली. मान वर करून त्यांनी टेकडीचा रिकामा माथा पाहिला, मग बुवांच्या हातातला मोबाईल.

"पण बुवा... खांब?"

बुवांनी मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि शेंगांची टरफलं गोळा करायला घेतली.

"फोन धरून आहेत अजून. आवाज अगदी स्वच्छ येतोय."